नाडीवर बोट ठेवून मेंदूचा ब्रेक कसा पकडावा

घड्याळ, खुर्ची आणि जवळपास पायऱ्या, एवढंच लागतं. पणजीत मला मळ्यातल्या मारुतीच्या पायऱ्या सोयीच्या. वेळ सकाळची धरा. मे महिन्यातल्या दुपारी नको. उकाड्यात रक्त कातडीकडे वळतं, त्यानेच नाडी चढते आणि सगळा हिशेब बिघडतो.

आधी पाच मिनिटं गप्प बसा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला पहिली दोन बोटं हलकी टेकवा. अंगठ्याने मोजू नका, त्याचीच नाडी हाताला लागते. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. समजा ७२ आले. आता गंमत अशी, की हृदयातल्या सायनस नोडला, म्हणजे ठोक्यांची लय ठरवणाऱ्या पेशींच्या गाठीला, कुणीच काही सांगितलं नाही तर तो मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून येणारा व्हेगस मज्जातंतू त्याला धरून ठेवतो, म्हणून ७२. आल्तिनोच्या उतारावरून स्कूटर आणताना आपण ब्रेक धरून असतो ना, तसं. तिथे वेग वाढवायला एक्सलेटर लागत नाही, बोटं जरा सैल केली की पुरे.

हा ब्रेक सैल होताना पाहायचाय? बोट न उचलता पाच सेकंद श्वास घ्या, पाच सेकंद सोडा. घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. घाबरू नका, हे निरोगीपणाचंच लक्षण आहे. तरुणांत जास्त ठळक दिसतं.

मग पाच मिनिटं आडवे पडा आणि झटकन उभे राहा. रक्त पायांकडे उतरतं, मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांतले दाब ओळखणारे तंतू लंबमज्जेला खबर देतात, ब्रेक सुटतो. उठल्यापासूनचा साधारण पंधरावा ठोका सगळ्यांत घाईचा असतो, तिसाव्याच्या सुमारास नाडी पुन्हा दम खाते. चक्कर येत असेल तर हा प्रयोग सोडा.

शेवटी पायऱ्या. सुरुवातीची वाढ बहुतेक ब्रेक सोडूनच होते. नाडी शंभरीकडे गेल्यावर अनुकंपी मज्जातंतू, म्हणजे धावपळीला शरीर तयार करणारे, नॉरअॅड्रेनलिन हे रसायन सोडून खरा एक्सलेटर पिळतात. वर पोचताच पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. मिनिटभर उभे राहून परत मोजा. बाराहून जास्त ठोके उतरले तर ब्रेक चांगला लागतोय. व्हेगस सोडतो ते असेटिलकोलिन नावाचं रसायन क्षणात काम करतं आणि क्षणात संपतं, म्हणून पहिली घसरण झपाट्याची. उरलेली नाडी मात्र रेंगाळत खाली येते. माझी तर खाली येऊन चहा संपेपर्यंत ७२ ला पोचत नाही.

मान दाबून किंवा चोळून नाडी उतरवायचा खेळ करू नका. बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारी औषधं, घेत असाल तर आकडे मुळातच दबलेले येतील. हृदयाचा काही त्रास असेल, तर पायऱ्या डॉक्टरांना विचारूनच.