आधी पंप मोजा, मग सोलर: एका सत्रात पुरा होणारा ऊर्जा-प्रकल्प

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो आणि पर्यावरण किंवा ऊर्जा हा विषय बरेच जण घेतात. पण ‘ठाणे शहरातील सौरऊर्जेची क्षमता’ एवढा पसरट विषय घेतला की मोजमाप एकही होत नाही आणि अहवाल इंटरनेटवरच्या आकड्यांनी भरतो. त्यापेक्षा एक इमारत घ्या आणि एकच प्रश्न विचारा: इथे हजार लिटर पाणी गच्चीवर चढवायला किती युनिट लागतात? सोसायटीच्या कॉमन बिलात पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे असतात. यात पंप मोजायला सगळ्यात सोपा, आणि त्याच्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघितलेलंही नसतं.

परवानगी आधी घ्या. कॉलेजच्या लेटरहेडवर, विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र सेक्रेटरींना द्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: मीटरच्या सीलला हात लावणार नाही, पॅनेल उघडायचं झालं तर सोसायटीचा वायरमन उघडेल, आणि अहवालात सोसायटीचं नाव किंवा ग्राहक क्रमांक येणार नाही. कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदाच होते. पत्र उशिरा गेलं की सत्राचा एक महिना तिथेच जातो.

मागच्या २४ महिन्यांची बिलं मागा. महावितरणच्या बिलावर चालू रिडींग, मागील रिडींग आणि गुणक अवयव असे रकाने असतात. (कळवा, मुंब्रा, दिवा भागात बिल टोरंट पॉवरचं येतं.) गुणक अवयव १ नसेल तर मीटरवर दिसणाऱ्या प्रत्येक फरकाला त्याने गुणावं लागतं. हे विसरलं की सगळा प्रकल्प दहा-वीस पटीने चुकतो आणि शेवटपर्यंत लक्षात येत नाही. प्रत्येक बिल किती दिवसांचं आहे ते बघा आणि युनिटला दिवसांनी भागा. एक बिल २८ दिवसांचं आणि दुसरं ३३ दिवसांचं असेल तर नुसत्या मासिक आकड्यांचा आलेख भलतंच काही सांगतो. सरासरीवर काढलेलं बिल दिसलं तर ते आणि त्याच्या पुढचं बिल एकत्र धरा.

पंपाची चाचणी

लागणाऱ्या वस्तू: मोजपट्टी, लांब सरळ पट्टी किंवा गाठी मारलेली दोरी, टॉर्च, दोन मोबाईल आणि वही. माणसं तीन हवीत: एक खालच्या टाकीपाशी, एक मीटरपाशी, एक गच्चीवर. पंप सोडणाऱ्या वॉचमनकाकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. त्यांच्याशिवाय हे काम होत नाही, आणि व्हॉल्व्हचा इतिहास त्यांनाच ठाऊक असतो. टाकीत कुणीही उतरायचं नाही. झाकणापाशी मोठ्या माणसाने थांबायचं आणि काम झालं की झाकण लगेच लावायचं.

दिवस विचारपूर्वक निवडा. ठाण्यात पाण्याचं शटडाऊन असतं त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पंपाचं वेळापत्रक बिघडलेलं असतं. टँकर आला तरी तेच. चाचणीच्या वेळी महापालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद हवा. नाहीतर खालच्या टाकीत पाणी येतही राहतं आणि जातही राहतं, मग किती चढलं ते कळत नाही.

आता एक उदाहरण हाताशी धरू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे वेगळे येतील. जमिनीखालच्या टाकीची लांबी-रुंदी आतून ४ मीटर × ३ मीटर. म्हणजे पातळी १ सें.मी. उतरली की १२० लिटर पाणी गेलं. पंप ४० मिनिटं चालवला आणि पातळी ८० सें.मी. उतरली, तर ९,६०० लिटर चढलं. खालच्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या टाकीत पाइप जिथे पाणी सोडतो तिथपर्यंतची उंची २८ मीटर. पातळी उतरत जाते म्हणून सुरुवातीची आणि शेवटची उंची घेऊन सरासरी काढा. मजले मोजून अंदाज करू नका. जिन्यातून दोरी सोडून मोजा.

वीज मोजताना मीटरच्या डिस्प्लेवर विसंबू नका. पूर्ण युनिटच दिसत असेल तर २ आणि ३ यांतल्या फरकात चाचणीच बुडते. शिवाय स्क्रीन आपोआप बदलत राहते आणि घाईत केडब्ल्यूएचऐवजी (म्हणजे युनिटऐवजी) केव्हीएएच हा वेगळाच आकडा टिपलं जातो. त्याऐवजी मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा मोजा. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरच्या तोंडावरच छापलेलं असतं. समजा ८०० आहे. पंप चालू असताना २० वेळा लुकलुकायला २७.३ सेकंद लागले. ३६०० × २० भागिले (८०० × २७.३), म्हणजे सुमारे ३.३ किलोवॅट. दिव्याचा व्हिडिओ काढा आणि नंतर हळू चालवून मोजा. उघड्या डोळ्यांनी एक-दोन ठोके हमखास सुटतात. ४० मिनिटांत असं पाच वेळा करा आणि त्या वेळी लिफ्ट दोन मिनिटं थांबवून ठेवा. पंप लावायच्या आधी, लिफ्ट उभी असताना, जिन्यातल्या दिव्यांचं वाचन असंच घ्या आणि ते वजा करा. उदाहरणात वजाबाकीनंतरच ३.३ राहिले असं धरू.

३.३ किलोवॅट ४० मिनिटं, म्हणजे २.२ युनिट. तेवढंच पाणी २८ मीटर उचलायला प्रत्यक्षात लागणारं काम: ९,६०० × ९.८१ × २८ भागिले ३६ लाख (एका युनिटमध्ये इतके ज्यूल), म्हणजे ०.७३ युनिट. पंपसेटची कार्यक्षमता ३३ टक्के. दर तीन युनिटपैकी दोन युनिट उष्णता, घर्षण आणि खळखळाटात गेले.

क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) वापरणार असाल तर तो एकाच वायरभोवती लावा. तिन्ही फेजच्या अख्ख्या केबलभोवती लावला तर वाचन जवळजवळ शून्य येतं आणि मुलं मीटर बिघडला म्हणून परत करतात. नुसता व्होल्टेज आणि करंटचा गुणाकार म्हणजे वॅट नव्हे. मोटरचा पॉवर फॅक्टर (त्या गुणाकाराचा किती भाग खरे वॅट असतो ते) ०.८ असेल आणि तो धरला नाही, तर आकडा पाव पटीने फुगतो. मात्र तिन्ही फेजचे करंट वेगवेगळे टिपून ठेवा. त्यांत मोठी तफावत दिसली तर मोटर किंवा स्टार्टरचे कॉन्टॅक्ट वायरमनला दाखवा.

वीज जाते कुठे ते शोधणं हा या प्रकल्पाचा खरा गाभा, त्याला वेळ द्या. पंपाच्या तोंडाशी, व्हॉल्व्हच्या आधी, प्रेशर गेज असेल तर तो वाचा. १ किलो प्रति चौ. सें.मी. म्हणजे साधारण १० मीटर. गेजवर ४.२ दिसतंय आणि चढ २८ मीटरचाच आहे, तर १४ मीटरचा जोर कुठेतरी अडतोय. बहुतेक वेळा तो अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हवर अडतो. पंप गरजेपेक्षा मोठा घेतलेला असतो, पूर्ण उघडला की मोटर तापते, म्हणून कुणीतरी पूर्वी व्हॉल्व्ह आवळून ठेवलेला असतो. त्याचं चाक किती आटे फिरतं ते मोजा आणि लिहा. पण स्वतः उघडून सोडू नका, कारण मोटरवर भार वाढू शकतो. गेजवर दाब कमी आणि पाणीही कमी, असं असेल तर इंपेलर (पंपाच्या आतलं फिरणारं चक्र) झिजलेला असू शकतो. फूट व्हॉल्व्ह (टाकीतल्या पाइपाच्या तळाची, पाणी मागे जाऊ न देणारी झडप) गळत असेल तर पंप लावल्यावर पहिली काही मिनिटं पाणीच चढत नाही. गच्चीवरच्या माणसाने पाइपातून धार सुरू झाल्याची वेळ टिपलेली असेल तर हे लगेच कळतं.

मोजमापात किती चूक होऊ शकते याचा अंदाजही अहवालात हवा. पातळी सुरुवातीला १ सें.मी. आणि शेवटी १ सें.मी. चुकू शकते, म्हणजे ८० मध्ये २, अडीच टक्के. चाचणी तीन वेगळ्या दिवशी करा. एक चाचणी फसली तर तीही टेबलात ठेवा आणि शेजारी कारण लिहा.

लिफ्ट आणि दिव्यांवर फार वेळ घालवू नका. दिवे मोजा, वॅट बघा, तास लिहा. दिवसा जळणारे दिवे मात्र मजल्यागणिक टिपा.

गच्ची आणि सावली

आता सोलरकडे वळा. १ किलोवॅटला साधारण १० चौ. मी. जागा आणि आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास, जुलै-ऑगस्टमध्ये बरंच कमी. पण गच्चीचं क्षेत्रफळ भागिले दहा, हा हिशेब फसवा आहे. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, डिश अँटेना आणि कठडा यांची सावली नकाशावर उतरवावी लागते. पॅनेलमधल्या सेल एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एका पट्टीवर पडलेली सावलीही उत्पादन तिच्या आकारापेक्षा जास्त खाली आणते.

१ मीटरची काठी ओळंब्यात उभी करून तासातासाला सावलीचं टोक खडूने मांडा. ठाण्यात सूर्य माथ्यावर १२ वाजता येत नाही, साधारण १२:२२ ते १२:५३ च्या दरम्यान येतो. बाराच्या सावलीवरून उत्तर दिशा ठरवली तर ती तिरकी जाते. मोबाईलचं होकायंत्र गच्चीवरच्या लोखंडाजवळ भरवशाचं नसतं. सगळ्यात लांब सावल्या २१ डिसेंबरच्या: त्या दिवशी माध्यान्हीला काठीची सावली ०.९२ मीटर पडते, सकाळी नऊला मात्र जवळजवळ अडीच मीटर. आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. एकाच महिन्यात मोजून वर्षाचा निष्कर्ष काढू नका. ऐरोली, वाशीसारख्या खाडीलगतच्या भागात सांगाड्याला गंज लवकर धरतो, म्हणून गॅल्व्हनाइज्ड सांगाड्याचा खर्च हिशेबात घ्या.

पंप आणि पॅनेल आता एकाच मापाने तोला. उदाहरणातली इमारत रोज ३०,००० लिटर चढवत असेल तर आत्ता रोज ६.९ युनिट जातात. ५५ टक्के कार्यक्षमतेच्या पंपसेटला ४.२ लागतील. रोजचे २.७ युनिट वाचले, म्हणजे गच्चीवरचं सुमारे ०.७ किलोवॅटचं पॅनेल लावायचीच गरज उरली नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठेवलेलं आहे. ते घ्यावंच, पण प्लांटचा आकार दुरुस्त पंपाच्या वापरावर ठरवा. कार्बनचा हिशेब केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांवरून करा. देशाच्या ग्रिडसाठी (वीजजाळ्यासाठी) कार्बन डायऑक्साइडचा आकडा युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास आहे. कोणती आवृत्ती वापरली ते लिहा, कारण आकडा बदलत असतो.

कमिटीला साठ पानं देऊ नका. मराठीत एक पान द्या: हजार लिटरला किती युनिट, पाणी कुठे अडतंय, कुणाला दाखवायचं. मोजमापांची वही झेरॉक्स करून सेक्रेटरींकडे ठेवा आणि टाकीच्या भिंतीवर जिथून मोजलं तिथे ऑइलपेंटची खूण करा. पंप दुरुस्त झाल्यावर पुढची तुकडी त्याच खुणेपासून, तेवढीच ४० मिनिटं, पुन्हा मोजेल.