मॅन पेजची देखभाल कशी करावी : क्रॉनटॅबच्या निमित्ताने

माझा एक मित्र अंधेरीतील एका हिशेब तपासनिसांच्या कार्यालयात सर्व्हर सांभाळतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊ वाजता ग्राहकांना थकबाकीचे स्मरणपत्र जावे, म्हणून त्याने क्रॉनटॅबमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालवायच्या कामांच्या तक्त्यात) तारखेच्या रकान्यात १-७ आणि वाराच्या रकान्यात सोमवार लिहिला. पत्रे सोमवारी गेली, मंगळवारी गेली आणि बुधवारी ग्राहकांचे फोन सुरू झाले. तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरलेले असतील, तर त्यांपैकी कोणताही एक जुळला तरी क्रॉन (हा तक्ता पाहून कामे चालवणारा प्रोग्राम) काम चालवतो, हा नियम मॅन पेजमध्ये, म्हणजे सिस्टीमसोबत येणाऱ्या मॅन्युअलच्या पानात, लिहिलेला होता. मित्राने पानही उघडले होते, फक्त नियम होता तिथे तो पोहोचला नव्हता. मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टीमच्या संदर्भ दस्तऐवजांची देखभाल म्हणजे मुख्यतः हे अंतर कमी करण्याचे काम आहे.

पहिले काम म्हणजे वाचक पानापर्यंत कसा येतो, हे त्याच्या जागी बसून पाहणे. मॅन्युअलचे विभाग क्रमांकाने ओळखले जातात : १ मध्ये आदेश, २ मध्ये सिस्टीम कॉल, ३ मध्ये लायब्ररीतील फंक्शने, ५ मध्ये फाइलींची रचना आणि ८ मध्ये व्यवस्थापनाची साधने. क्रॉनटॅब नावाची पाने दोन आहेत. क्रमांक न देता पान मागितले की पहिल्या विभागातले उघडते, आणि त्यात तक्ता संपादित कसा करावा एवढेच असते. रकान्यांचा अर्थ पाचव्या विभागात आहे. म्हणून पहिल्या पानाच्या वर्णनातच दुसऱ्याकडे बोट दाखवणारे वाक्य हवे, कारण शेवटच्या ‘हेही पाहा’ या भागापर्यंत घाईतला माणूस जात नाही. तो भाग लिहिताना नोंदी आधी विभागाच्या क्रमांकाने आणि मग वर्णानुक्रमे लावाव्यात. नावाची ओळही नीट बेतावी. शब्दावरून पान शोधणारे आदेश हीच एक ओळ चाळतात, त्यामुळे जो शब्द वाचकाच्या तोंडी असेल तो तिथे असलाच पाहिजे.

दुसरे काम अधिक वेळखाऊ आहे, आणि माझ्या मते खरी देखभाल तीच : पानातील प्रत्येक विधान कोडशी ताडून पाहणे. वरचाच नियम घ्या. काही पानांत असे म्हटलेले आढळते की रकान्यात नुसते तारांकन (*, म्हणजे ‘कोणतेही मूल्य’) नसेल तर तो मर्यादित समजावा. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या आणि पुढे अनेक सिस्टीमांनी स्वीकारलेल्या क्रॉनच्या कोडमध्ये मात्र रकान्याचे पहिले अक्षर तारांकन आहे का, एवढेच तपासले जाते. तारखेच्या रकान्यात ‘*/२’ (एक सोडून एक तारीख) आणि वाराच्या रकान्यात सोमवार लिहिला, तर पहिला रकाना अर्थाने मर्यादित असूनही कोडच्या लेखी मोकळाच ठरतो आणि नियम उलटतो : दोन्ही रकाने जुळावे लागतात. काम फक्त विषम तारखेला येणाऱ्या सोमवारीच चालते. ‘नुसते तारांकन नसणे’ आणि ‘तारांकनाने सुरू न होणे’ यांतला फरक वाचताना केसाएवढा वाटतो, पण पान दुरुस्त करायचे ते याच फरकासाठी.

जे कोड वाचून कळत नाही ते चालवून पाहावे. मुंबईत बसून एक गोष्ट सहज नजरेआड होते : आपल्याकडे घड्याळ वर्षातून दोनदा पुढे-मागे करण्याची प्रथा नाही, त्यामुळे घड्याळ बदलण्याच्या रात्री क्रॉन काय करतो याविषयीचा परिच्छेद आपल्या यंत्रावर कधीच पडताळता येत नाही. त्यासाठी आभासी यंत्र लंडनच्या वेळेवर लावून, घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारच्या पहाटेवर आणून पाहावे लागते.

लिहिण्याचे नियम थोडे आहेत. मूळ फाइलीत प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करावे; छापील पानावर त्याचा परिणाम दिसत नाही, पण पॅच (सुचवलेल्या बदलांची फाइल) वाचणाऱ्याला नेमके कोणते वाक्य बदलले ते लगेच कळते. बीएसडी या युनिक्सच्या वंशातील सिस्टीमांच्या पानांत आरंभी असलेली तारीख आशय बदलल्यावरच बदलावी, शुद्धलेखनाच्या दुरुस्तीसाठी नाही. उदाहरणांत खऱ्या कंपनीचा आयपी पत्ता देऊ नये, १९२.०.२.० पासूनचे २५६ पत्ते खास दस्तऐवजांसाठीच राखून ठेवलेले आहेत. मॅनडॉक या मॅन पेज दाखवणाऱ्या साधनाची लिंट तपासणी (मांडणीतल्या चुका शोधणारी) चालवावी आणि मग पान ८० स्तंभांच्या टर्मिनलवर उघडून स्वतः वाचावे, कारण लिंटला चुकीचा मॅक्रो (मांडणीची खूण) कळतो, चुकीचे विधान कळत नाही.

कोड बदलणाऱ्याने पान त्याच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांत) बदलावे, असा आग्रह धरावा. ‘पान नंतर करू’ म्हटले की ते राहते. डेबियन या लिनक्स वितरणाच्या धोरणात आदेशाला मॅन पेज नसणे हा बग मानला जातो, आणि ओपनबीएसडीत पानातील चूक प्रोग्राममधल्या चुकीइतक्याच गांभीर्याने घेतात; ज्या प्रकल्पात असा दंडक नाही, तिथे निदान डीफॉल्ट मूल्य (काही न सांगितल्यास लागू होणारे) बदलणारा प्रत्येक पॅच आला की संबंधित पान उघडण्याची सवय लावून घ्यावी. पर्याय नवा आला की तो लिहिला जातो. जुन्याचे डीफॉल्ट बदलले की ते हमखास विसरले जाते.

शेवटी उदाहरणांविषयी, कारण वाचक वर्णन सोडून थेट तिथेच जातो. मित्राच्या फजितीनंतर आम्ही दोघांनी एका रविवारी दादरला बसून पहिल्या सोमवारचे उदाहरण तयार केले : तारखेच्या रकान्यात १-७, वाराच्या रकान्यात तारांकन, आणि आदेशाच्या आधी तारीख-वार सांगणाऱ्या डेट आदेशाने वाराचा आकडा काढून तो १ आहे का हे पाहणारी अट. टर्मिनलवर ते बिनचूक चालले. पॅच पाठवण्यापूर्वी केवळ खबरदारी म्हणून प्रत्यक्ष क्रॉनटॅबमध्ये घातले, तेव्हा पत्र गेलेच नाही. डेटला वार विचारताना टक्क्याचे चिन्ह लागते, आणि क्रॉनटॅबमध्ये आधी उलटी तिरपी रेघ नसलेले टक्का-चिन्ह म्हणजे आदेश तिथेच संपला. पुढचा मजकूर त्या आदेशाला इनपुट म्हणून दिला जातो. हाही नियम त्याच पानात, चार परिच्छेद अलीकडे लिहिलेला होता. आम्ही चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ घातली, उदाहरणाखाली तिचे कारण एका वाक्यात लिहिले, आणि कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या तारखा लावून तपासले ते पॅचसोबतच्या संदेशात नोंदवले.