मुलाचे मन मोकळे व्हावे म्हणून

इंदूरमधील आपल्या मराठी घरांत मूल भंवरकुआंच्या कोचिंग क्लासमधून परतले की पहिला प्रश्न बहुधा गुणांचा असतो. तो जेवण होईपर्यंत मागे ठेवावा. डब्यातली पोळी-भाजी अर्धी परत आली असेल, तर रागावण्याआधी शेजारी बसावे, आणि मूल बोलू लागले की उपदेश न करता, "फार वाईट वाटलं ना तुला?" एवढेच म्हणून त्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे. पालकांना हेच सर्वांत जड जाते, कारण मुलाचे दुःख दिसताच ते दूर करण्याची आपल्याला घाई होते. दिवसभर हिंदीत वावरणारे मूल मनातले हिंदीतच सांगू लागले, तर त्या क्षणी त्याची भाषा सुधारू नये.

उदासी किंवा चिडचिड दोन आठवडे टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे; शासनाची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. मूल मरणाविषयी बोलले, तर "जीव द्यावासा वाटतो का?" असे शांतपणे, थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. होकार आला, तर त्याला क्षणभरही एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.