रातकिड्यांची पूड करताना या चुका टाळा

थायलंडच्या ईशान्य भागात खाण्यासाठी रातकिड्यांची शेती १९९८ नंतर फोफावली. खॉन केन विद्यापीठाने पाळण्याचं तंत्र बसवून दिलं आणि २०१३ पर्यंत देशात सुमारे वीस हजार शेतकरी हे किडे पाळत होते. पूड करणाऱ्यांचा माल मात्र बहुधा एकाच समजुतीपायी बिघडतो: आच दिली की सगळं निर्धोक.

आचेआधीच्या चुका आच निस्तरत नाही. काढणीपूर्वी किमान २४ तास किडे उपाशी ठेवायचे, म्हणजे पोटातला चारा आणि विष्ठा निघून जाते. युरोपीय संघाने रातकिड्यांच्या पुडीला परवानगी दिली तीही या उपवासाच्या अटीवर. काही शेतकरी शेवटचे दिवस भोपळा खाऊ घालतात. चवीला ते चांगलं, पण तो उपवास नव्हे! पेटीत आधीच मेलेले किडे निवडून टाका. जिवंत माल थेट गोठवा. मेलेले किडे उन्हात पडून राहिले तर जिवाणू त्यात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार करतात, आणि ते एकदा तयार झालं की उकळून जात नाही, तळूनही नाही. तळलेले किडे खाऊन अंगावर लाली, खाज, डोकेदुखी असा त्रास थायलंडमध्ये झालेला आहे. रेशीमकोषातून काढून खाल्ल्या जाणाऱ्या किड्यांबाबत तर हे जास्तच सांभाळावं लागतं.

आता उकळणं. पाच मिनिटांच्या उकळीने आतड्यातले बहुतेक जिवाणू मरतात, पण बॅसिलससारख्या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची उष्णता सोसणारी सुप्त रूपं, तग धरून राहतात. उकळलेला ओला माल टोपलीत घालून रात्रभर ठेवला, की ते जागे होतात आणि त्यांना स्पर्धकही उरलेला नसतो. म्हणून उकळीनंतर सरळ ड्रायर. तो रिकामा नसेल तर फ्रिज. उकळण्याला फाटा देऊन नुसतं भाजणंही पुरेसं नाही. भाजायचंच तर उकळून मग भाजा.

पूड काळपट आली? किडे कच्चेच दळले असतील. त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) हवेशी गाठ पडताच रंग काळा करतात. उकळीने ती निकामी होतात.

वाळवताना जाड थर नको. वरचे किडे कुरकुरीत झाले तरी खालचे दमट राहतात आणि डब्यात बुरशी धरते. पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा राहीपर्यंत वाळवा, आणि तो मोजा. हाताच्या अंदाजावर जाऊ नका.

दळताना गोळे होत असतील तर दोष चरबीचा. शेंगदाण्याचं कूट करताना मिक्सर जास्त वेळ फिरवला की जे होतं, तेच. माल थंड करून थोडा-थोडा दळा किंवा आधी तेल दाबून काढा. हीच चरबी पुढे खवट होते, तेव्हा हवाबंद, अपारदर्शक पाकीट आणि थंड जागा हवी.

पाकिटावर प्रथिनांचा आकडा छापताना पुडीतलं नत्र मोजून त्याला सरसकट ६.२५ ने गुणलं जातं. पण किड्यांच्या कवचातल्या कायटिनमध्येही नत्र असतं आणि ते प्रथिन नव्हे, त्यामुळे आकडा फुगतो.

आणि ॲलर्जीची सूचना गाळू नका. कोळंबी-खेकड्याची किंवा घरातल्या धुळीतल्या माइट्स या सूक्ष्म जीवांची ॲलर्जी असलेल्यांना रातकिड्यांचाही त्रास होऊ शकतो, कारण ट्रोपोमायोसिन हे प्रथिन या सगळ्यांत जवळपास सारखं असतं. उकळूनही ते पुरतं निकामी होत नाही. चटणी, बिस्कीट, पीठ, कशातही पूड घातली तरी हे ठळक छापायलाच हवं.