काटे दोन, गेट एक: वेबसाईटसाठी लोड बॅलन्सर कसा लावायचा

सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) होऊन वेचणी सुरू झाली की आमच्या यवतमाळकडं जिनिंगसमोर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यासमोर, कापसाच्या गाड्यांची रांग लागते. वजनकाटे दोन असतात, पण गेटवरचा माणूस "भाऊ, तुमी त्या काट्यावर घ्या" म्हणत गाड्या वाटून देतो, म्हणून काम निभतं. लोड बॅलन्सर म्हणजे हाच गेटवरचा माणूस.

अशाच एका जिनिंगसाठी मी मोबाइलवर टोकन देणारी वेबसाईट केली होती. क्लाऊडवर एकच सर्व्हर. सकाळी टोकन खुलं झालं की गावंच्या गावं एकदम तुटून पडायची आणि साईट बसायची. घाईघाईत दुसरा सर्व्हर जोडला, तर नवंच लफडं: लॉगिन केलेला शेतकरी पुढच्या पानावर गेला की पुन्हा पासवर्ड विचारला जाई.

आधी सर्व्हरनं स्वतःजवळ साठवलेली आठवण त्याच्याकडून काढून घ्या. बहुतेक जण ही पायरी सोडतात आणि तिथंच फसतात. माझं लॉगिनचं सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे ही नोंद, पहिल्या सर्व्हरच्या मेमरीत होतं. दुसऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. सेशन रेडिससारख्या (मेमरीत माहिती ठेवणारं सॉफ्टवेअर) सामाईक जागी किंवा डेटाबेसमध्ये ठेवा. सातबाऱ्याचे फोटो सर्व्हरच्या डिस्कवर न ठेवता क्लाऊडच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे फायलींच्या वेगळ्या कोठारात, टाका. डेटाबेसही वेगळ्या मशीनवर न्या. कोणताही सर्व्हर कधीही बंद करता आला पाहिजे, इतका तो रिकाम्या हाताचा हवा.

मग दुसरा सर्व्हर उभा करा. पहिल्याची इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची नक्कल, काढून त्यावरूनच करा. हातानं सगळं पुन्हा बसवलं की एखादी सेटिंग हमखास राहते.

आता गेट बसवा. स्वस्तात करायचं तर छोट्या मशीनवर एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाका. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये अपस्ट्रीम या भागात दोन्ही सर्व्हरचे पत्ते लिहिले आणि प्रॉक्सी-पासनं विनंत्या तिकडं वळवल्या की झालं. पण ते मशीन बंद पडलं तर मागचे दोन्ही सर्व्हर चालू असून उपयोग नाही. म्हणून जमत असेल तर क्लाऊड कंपनीचा तयार बॅलन्सर घ्या. अॅमेझॉनच्या क्लाऊडचा अॅप्लिकेशन लोड बॅलन्सर किमान दोन अव्हेलेबिलिटी झोन, म्हणजे एकमेकांपासून वेगळी डेटा सेंटरं, मागतो. मुंबई रीजनमध्ये ते मिळतात. सर्व्हरही दोन वेगळ्या झोनमध्ये ठेवा.

वाटणीची पद्धत. मुकाट्यानं राउंड रॉबिन राहू द्या, म्हणजे एक याला, एक त्याला. काही पानांना फार वेळ लागत असेल तर ज्याच्याकडं चालू कामं कमी, त्याला देणारी पद्धत निवडा. आयपी पत्त्यावरून सर्व्हर ठरवायच्या भानगडीत मात्र पडू नका. मोबाइल कंपन्या कितीतरी ग्राहकांना बाहेर एकच पत्ता देतात. मग अख्ख्या गावाच्या गाड्या एकाच काट्यावर जातात.

हेल्थ चेक लावा. सर्व्हर जिवंत आहे का, हे क्लाऊडचा बॅलन्सर ठरावीक वेळानं एक पान मागून बघतो. अॅमेझॉनकडं मुळात हे अंतर ३० सेकंदांचं असतं आणि लागोपाठ दोनदा उत्तर चुकलं की तो सर्व्हर बाजूला काढला जातो. हंगामात मी ते १० सेकंदांवर आणतो. त्या पानात डेटाबेसची तपासणी घालू नका, कारण डेटाबेस क्षणभर अडखळला तर दोन्ही सर्व्हर एकाच वेळी आजारी ठरतात.

शेवटी एक सर्व्हर मुद्दाम बंद करा. रात्री, लोक झोपल्यावर. आधीच लॉगिन केलेल्या मोबाइलवरून टोकन काढून बघा. लॉगिन टिकलं, फोटो दिसला, की जमलं.

एक गोष्ट मला उशिरा कळली. बॅलन्सर मध्ये आल्यावर तुमच्या अॅपला प्रत्येक विनंती बॅलन्सरच्याच पत्त्यावरून आल्यासारखी दिसते. शेतकऱ्याचा खरा पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमध्ये, म्हणजे विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळीत, येतो (एनजिनएक्स असेल तर तो तिथं घालायला त्याला सांगावं लागतं) आणि तो तिथून वाचायला अॅपला सांगावं लागतं. मी एका पत्त्यावरून मिनिटाला दहाच विनंत्या, अशी मर्यादा घातली होती. दोन्ही सर्व्हर ठणठणीत होते, आणि दहा विनंत्या होताच सगळा तालुका बाहेर उभा.