गोधडीची कड: सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या गोधडीचं मधलं काम अजून धड आहे, कडा मात्र केव्हाच विरल्या. वेगळी पट्टी लावायचा तेव्हा कंटाळा केला होता. अस्तरच इंचभर जास्त ठेवलं, वर दुमडलं आणि टीप मारली. काम झटपट होतं, पण सगळ्यात आधी झिजते ती कड, आणि तिथे कापडाचा एकच पदर येतो. म्हणून रोज अंगावर घ्यायच्या गोधडीला आता मी दुहेरी पट्टीच लावते: अडीच इंच रुंद, लांबीत मधोमध दुमडून इस्त्री केलेली.

पट्टी सरळ कापायची की उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपी? सरळ कडेला सरळ पट्टी चालते, कापडही कमी लागतं. कड गोलाईची असेल तर उरेबच घ्या. ती ताणली जाते, वळणावर चुण्या पडत नाहीत. रेघांचं कापड मात्र मी कुठेही उरेबच कापते. रेघा दोरीच्या पिळासारख्या दिसतात आणि साधी गोधडी एकदम उठून दिसते.

हिशेबात मी एकदा फसले. ६० बाय ८० इंचांची गोधडी, घेर २८० इंच. ४२ इंच पन्ह्याच्या, म्हणजे कापडाच्या रुंदीच्या, सात पट्ट्या म्हणजे २९४ इंच, पुरतील असं वाटलं. पण पट्ट्या तिरप्या जोडतात, म्हणजे शिवणीची जाडी एका जागी साठत नाही, आणि अशा प्रत्येक जोडात अडीचेक इंच जातात. शेवटच्या कोपऱ्याजवळ पट्टी संपली. आठ कापा.

कोपरा घाईत करू नका. कोपरा पाव इंचावर आला की टीप थांबवा, दोरा तोडा. पट्टी वर नेऊन ४५ अंशांची घडी पाडा, तीच पट्टी पुढच्या कडेवर खाली आणा, वरची घडी कडेला जुळवा आणि तिथून नवी टीप सुरू करा. पट्टी मागच्या बाजूला उलटवल्यावर कोपरा आपोआप टोकदार बसतो.

भिंतीवर लावायच्या कामाला मी पट्टी दिसूच देत नाही, पूर्ण मागे वळवते. रंगीत चौकटीने चित्र अडल्यासारखं वाटतं. अंगावरच्या गोधडीला उलट गडद पट्टी आवडते, मळही कमी दिसतो.

मागची बाजू मी हातानेच तुरपते. टाका पट्टीच्या घडीतून न्यायचा, फक्त अस्तरात उतरवायचा, वरच्या कापडापर्यंत सुई जाऊ द्यायची नाही. मोठ्या गोधडीला दोन-तीन संध्याकाळी लागतात.