नेतृत्वातील नम्रता आणि निर्धार : या चुका टाळा

व्यवसाय चालवणाऱ्याला नम्रता आणि निर्धार हे दोन्ही गुण लागतात, हे आता बहुतेकांना पाठ झाले आहे. तरीही नव्याने संचालक किंवा विभागप्रमुख झालेली माणसे पुन्हा पुन्हा त्याच चुका करतात, कारण मऊ बोलले की नम्रता आली आणि माघार घेतली नाही की निर्धार आला, अशी त्यांची समजूत असते. माझ्या मते नम्र माणसापर्यंत त्याला न आवडणारी माहिती वेळेवर पोचते, आणि निर्धार असलेला माणूस ती पोचल्यावर टाळाटाळ करत नाही. पुढील बहुतेक चुका या दोहोंपैकी एकाचा अभाव असल्याने घडतात.

निर्णय टाळणे आणि त्यास नम्रता म्हणणे

ही चूक मला सर्वाधिक खटकते, कारण ती करणाऱ्याचे सगळे कौतुकच करतात. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सल्लागार म्हणून माझे जाणे-येणे होते. तेथील नवे प्रमुख अत्यंत सौम्य होते. प्रत्येकाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेत आणि बैठक संपताना ‘तुम्ही सगळे मिळून ठरवा’ असे सांगत. कंपनीची एक उत्पादन-शाखा सातत्याने तोट्यात होती. ती बंद करावी असे वित्तप्रमुखांचे मत होते, विक्रीप्रमुखांना तिच्यामुळे मोठे ग्राहक टिकतात असे वाटत होते, आणि उत्पादनप्रमुखांना आपल्या कामगारांची काळजी होती. तिघांचेही म्हणणे खरे होते, म्हणूनच ते तिघे मिळून काही ठरवू शकत नव्हते. ज्याच्यापाशी तिन्ही बाजू येऊन थांबत होत्या, त्यानेच ठरवणे भाग होते. प्रमुखांनी मात्र दर वेळी आणखी एक अहवाल मागवला. त्या अवधीत दोन चांगले अभियंते कंटाळून निघून गेले आणि खेळत्या भांडवलाची, म्हणजे रोजच्या कामकाजासाठीच्या कर्जाची, मर्यादा बँकेने कमी केली. शाखा अखेर बंद झालीच, परंतु तोवर कामगारांना सन्मानाने दुसरीकडे सामावून घेण्याइतके पैसे उरले नव्हते. ज्यांना दुखवायचे नव्हते, त्यांनाच या सौम्यपणाची सर्वाधिक झळ बसली.

अशा वेळी मी एक साधी सवय लावून घेण्यास सांगतो. चर्चा सुरू होण्यापूर्वीच निर्णय कोणाचा आहे, तो कोणत्या तारखेस होईल आणि तोपर्यंत कोणाकोणाचे म्हणणे ऐकायचे आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहून सर्वांना द्याव्यात. तारीख उलटल्यावर नवे मत ऐकायचेच असेल, तर त्या मतात कोणती नवी माहिती आहे असे विचारावे. पद्धतशीर आराखडे हवे असणाऱ्यांना हे फार किरकोळ वाटते, पण मला याहून उपयोगी काही सापडलेले नाही.

स्वतःच्या जुन्या निर्णयाशी एकनिष्ठ राहणे

निर्धार उद्दिष्टाशी हवा. मार्ग बदलता आला पाहिजे. 1968 मध्ये स्थापन झालेल्या इंटेल या अमेरिकी कंपनीचा मूळ धंदा मेमरी चिपचा, म्हणजे संगणकातील माहिती साठवणाऱ्या चिपचा होता. जपानी कंपन्यांच्या स्पर्धेत तो टिकेनासा झाला, तेव्हा 1985 मध्ये कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी गॉर्डन मूर यांना विचारले की, आपल्याला काढून संचालक मंडळाने नवा प्रमुख आणला तर तो काय करील? तो मेमरीतून बाहेर पडेल, हे उत्तर दोघांनाही ठाऊक होते, आणि त्यांनी स्वतःच ते केले. 1986 साली कंपनीला तोटा झाला, कारखाने बंद करावे लागले, तरी मायक्रोप्रोसेसरवरून, म्हणजे संगणकाची आकडेमोड करणाऱ्या चिपवरून, त्यांनी लक्ष हटवले नाही. आपणच उभारलेली गोष्ट चुकीची ठरली हे मान्य करणे आणि त्यानंतरचा तोट्याचा काळ न डगमगता काढणे, हे दोन्ही त्याच माणसांना करावे लागले. उतावीळ नवशिके यातील पहिला अर्धाच भाग उचलतात. पहिल्या वाईट तिमाहीला दिशा बदलतात आणि त्याला लवचिकपणा म्हणतात. मार्ग बदलावा, पण कोणते आकडे दिसले तर बदलायचा हे आधी लिहून ठेवलेले असावे.

वाईट बातमी आणणाऱ्यास वाईट वागवणे

‘माझे दार सदैव उघडे आहे’ या वाक्यावर माझा विश्वास नाही. त्या दारातून पहिली वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसाचे पुढे काय झाले, एवढेच लोक पाहतात. 2006 मध्ये ॲलन मुलाली फोर्ड या अमेरिकी मोटार कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा साप्ताहिक आढाव्यात बहुतेक अधिकारी आपापल्या कामापुढे ‘सारे ठीक’ सांगणारा हिरवा रंग दाखवत होते. त्याच वर्षी कंपनीला सुमारे 12.7 अब्ज डॉलरचा तोटा झाला. मार्क फील्ड्स या अधिकाऱ्याने एका गाडीच्या उत्पादनातील अडचण लाल रंगात दाखवली, तेव्हा खोलीत शांतता पसरली आणि मुलालींनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच इतरांचे तक्ते खरे रंग दाखवू लागले. हेच मुलाली निर्धारातही कमी नव्हते: त्यांच्या कारकिर्दीच्या प्रारंभीच कंपनीने आपल्या बोधचिन्हासह जवळजवळ सारी मालमत्ता गहाण ठेवून सुमारे 23.6 अब्ज डॉलरची कर्जव्यवस्था उभी केली. 2009 मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या प्रतिस्पर्धी मोटार कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. फोर्ड गेली नाही.

काही लहान चुका

बैठकीत आपले मत आधी सांगू नये. त्यानंतर येणारी मते बहुधा त्याचेच प्रतिध्वनी असतात.

यशाचे श्रेय देताना नावे घ्यावीत. ‘संघाचे यश’ असे मोघम म्हटल्याने कोणाच्याही वाट्याला काही येत नाही.

नम्र वाक्ये शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या शिबिरांवर पैसे घालवू नयेत. ‘कदाचित माझे चुकत असेल’ असे म्हणण्याची सवय तिथे लागते, पण चूक दाखवल्यावर ऐकून घेण्याची लागत नाही, आणि सहकाऱ्यांना हा फरक फार लवकर कळतो.

क्षमा मागावी, पण कृतीसह मागावी. काय बदलणार आहे आणि ते कोण पाहणार आहे, हे त्याच वेळी सांगावे.